चौकोनी कंसातला झरा

माझं काम चौकोनी कंस सांभाळण्याचं होतं.

हे वाचून कुणाला मी गणिताची बाई वाटले असेन, तर तसं नाही. जगातले देश एकत्र बसून पर्यावरणाचा करार लिहितात, तेव्हा ज्या शब्दावर भांडण असेल तो शब्द चौकोनी कंसात घालतात. भांडण मिटलं की कंस काढतात. वाढलं की कंसाच्या पोटात आणखी एक कंस घालतात. शेवटी शेवटी वाक्याची अवस्था कुंपणात शिरलेल्या शेळीसारखी होते. पुढं जाता येत नाही, मागं फिरता येत नाही, आणि ओरडणं मात्र चालू.

तळेगावच्या टायपिंग इन्स्टिट्यूटमध्ये शिकलेली मी, लग्न होऊन दिल्लीला गेले आणि एका मंत्रालयात लघुलेखिका म्हणून चिकटले. तिथून शिष्टमंडळांबरोबर देशोदेशीच्या परिषदांना जाऊ लागले ते निवृत्त होईपर्यंत. आपल्या देशाच्या पाटीमागं दुसऱ्या रांगेत माझी खुर्ची. कुठला कंस कुणी घातला, कुणी काढला आणि चहाच्या सुट्टीत कुणी हळूच परत आणून ठेवला, याच्यावर मी नजर ठेवायची. पहिल्या रांगेत साहेब. साहेब बोलत. काय बोलायचं ते दिल्लीहून ठरून येई, आणि काय बोललो होतो हे साहेब संध्याकाळी मला विचारत.

गावाकडं मात्र माझ्या आईनं सांगून ठेवलं होतं की आमची पोर जगाचं हवामान बघती. त्यामुळं दर मे महिन्यात शंकरआबांचा फोन यायचा. हे आमच्या आळीतले, भाताची शेती करणारे.

"बाई, अवंदा पाऊस कदी?"

"आबा, मी त्या खात्यात नाही."

"मंग कुटल्या?"

"पुढं पन्नास वर्षांनी पाऊस कसा असेल, त्यावर देश भांडतात. ते भांडण मी लिहून घेते."

"आन रोपं कदी टाकू?"

यावर मी घाईत असल्याचं सांगून फोन ठेवून द्यायची. पण त्या वयात मला त्याची लाज वाटत नसे. उलट आबांचीच कीव यायची. तेव्हाची मी फार गंभीर बाई होते. एक कंस सुटला की मला वाटायचं, कुठंतरी एक हिमनदी वितळायची थांबली. समारोपाच्या दिवसासाठी मी खास निळ्या काठाची हिरवी साडी ठेवली होती. निळा म्हणजे समुद्र आणि हिरवी म्हणजे जमीन. पृथ्वी वाचवायची तर कुणीतरी तिचे रंग नेसायला हवेत, असा माझा विचार. सभागृहात गारठा इतका की त्या साडीवर जाडजूड स्वेटर घालावा लागे, आणि समुद्र, जमीन, सगळं स्वेटराखाली गडप व्हायचं. पृथ्वी तापतेय यावर चर्चा करायला आम्ही कुडकुडत बसायचो.

आता हा धंदा चालतो कसा, ते सांगते.

पहिली गोष्ट, तिथं मतदान होत नाही. सगळं एकमतानं. वास्तविक मत कसं घ्यायचं याचा एक नियम फार पूर्वी मसुद्यात लिहिला होता, पण तो अजून मंजूर झालेला नाही, कारण त्यावर एकमत नाही. हा विनोद नाही. ज्यांनी तो केला ते सगळे सुटाबुटातले लोक होते आणि कुणीही हसलं नव्हतं. मग एकमत झालं हे ओळखायचं कसं? अध्यक्ष विचारतात, कुणाची हरकत? एक नजर इकडून तिकडं फिरवतात आणि लाकडी हातोडा आपटतात. त्या नजरेत जो सापडला नाही त्याची हरकत नाही. काही अध्यक्षांची नजर फार चपळ असे.

दुसरी गोष्ट, करार तऱ्हेतऱ्हेचे असतात. ओझोनचा करार चांगला निघाला. त्यात कुठला वायू बंद करायचा ते नाव घेऊन लिहिलं होतं, कधी बंद करायचा ते लिहिलं होतं, गरीब देशांना त्यासाठी पैसे ठेवले होते, आणि जो येणार नाही त्याच्याशी त्या मालाचा व्यापार बंद. झक मारत सगळे आले. हवामानाचं तसं नाही. आधी श्रीमंत देशांना त्यांच्या वाट्याचं कमी करायला नावानिशी सांगून पाहिलं, तर त्यातला सगळ्यात बडा बाहेर राहिला. मग पॅरिसला असं ठरलं की ज्यानं त्यानं आपण किती करणार ते आपणच सांगायचं, काही वर्षांनी सगळ्यांसमोर हिशेब वाचायचा आणि पुढचा आकडा आधीपेक्षा मोठा सांगायचा. नाही जमलं तर दंड नाही. मैत्रिणींनी मिळून वजन कमी करायचं ठरवल्यासारखं आहे हे. प्रत्येक जण आपापल्या घरच्या काट्यावर वजन करणार आणि दर संक्रांतीला हळदीकुंकवाला येऊन सांगणार. तिथं तिळगूळ असतोच. तरी अगदीच फुकट जात नाही, कारण चारचौघींत आकडा सांगायचा म्हटल्यावर एखादी जिलबीला नाही म्हणते. जगाचा सगळा कारभार सध्या त्या एका न खाल्लेल्या जिलबीवर चालला आहे.

पैशाबद्दल फार लिहीत नाही. लग्नात आहेर म्हणून पातेलं द्यायचं, सगळ्यांसमोर फोटो काढायचा, आणि वर्षभरानं 'ते उसनं दिलेलं पातेलं' मागायला यायचं, ही रीत आपल्याकडं असती तर लोकांनी दारात उभं केलं नसतं. तिथं श्रीमंत देशांनी गरीब देशांना दिलेलं कर्जसुद्धा मदत म्हणून मोजलं जातं, आणि वर आभाराचं भाषण करावं लागतं. आपली बाजूही धुतल्या तांदळासारखी होती असं नाही. मी निवृत्त होऊन घरी बसल्यावर एका साली कोळशाबद्दलचा एक शब्द अगदी शेवटच्या घटकेला मवाळ झाला, तो आपल्याच बाजूनं. टीव्हीवर बघताना माझा हात सवयीनं पेन्सिलीकडं गेला होता.

आता माणसं. लक्षात राहिलेली दोनच.

एक होते आक्षेपराव. हे नाव मी ठेवलेलं. ज्या देशाच्या पोटात तेल आहे अशा एका देशाचे ते प्रतिनिधी. तिथं बोलायचं असेल तर टेबलावरची आडवी पाटी उभी करतात. यांची पाटी आडवी मी फार कमी वेळा पाहिली. आवाज मधाळ, सूट बिनसुरकुतीचा, आणि माणूस अतिशय सभ्य. पहिल्या दिवशी सकाळी, अजून कुणी घसा खाकरलेला नसे, तेव्हाच हे विचारत की विषयपत्रिकेत पाचवा विषय चौथ्याच्या आधी का नाही. मग विचारत की हा कागद सगळ्या भाषांत आला आहे का. मग म्हणत, छोटा गट करू, बाजूला बसून बोलू. छोटा गट बाजूला बसे, त्यात आणखी छोटा गट निघे. परिषदेचे दोन आठवडे असे ताकासारखे घुसळून जात, आणि लोणी काही येत नसे. मी त्यांना मनातल्या मनात इतक्या शिव्या दिल्या आहेत की त्या इथं दिल्या तर संपादक कंसात घालतील.

एकदा जेवणाच्या सुट्टीत ते माझ्या पुढं आले. मी माझा भडंगाचा डबा उघडून खात होते, कारण तिथलं थंड सँडविच माझ्या घशाखाली उतरत नसे. त्यांनी कुतूहलानं पाहिलं. मी पुढं केला. त्यांनी मूठभर घेतलं, डोळ्यांतून पाणी काढलं आणि खिशातून खजुराची पुडी काढून मला दिली. तेवढ्या ओळखीवर मी धीर करून विचारलं, "तुम्ही प्रत्येक गोष्टीला विरोध का करता?"

त्यांना खरंच वाईट वाटलं. "मी विरोध कुठं करतो, मॅडम? मी फक्त विचारतो."

दुसऱ्या होत्या बेटाच्या बाई. समुद्रात इवलंसं बेट, तोच त्यांचा देश. आमच्या शिष्टमंडळाला बसायला खुर्च्या पुरत नसत आणि त्यांच्या देशाची दोनच माणसं, एक त्या आणि एक त्यांचा सहकारी. चर्चा मात्र एका वेळी दहा-बारा खोल्यांत चालायच्या. दोघं कुठं कुठं पुरणार? त्या एका खोलीतून दुसऱ्या खोलीत पळताना दिसायच्या, चपला हातात घेऊन. दर परिषदेत त्या एकच प्रश्न विचारत, "पाणी वर आलं की आम्ही जायचं कुठं?" आणि अध्यक्ष दर वेळी म्हणत, "मौलिक विचारांबद्दल आभार. नोंद घेतली आहे."

ती नोंद मी घ्यायची. सुवाच्य अक्षरात.

एका वर्षी समारोप लांबला. तो नेहमीच लांबतो. शुक्रवारी संपायचं ते शनिवारी दुपारपर्यंत गेलं. सुतार येऊन बाहेरचे मांडव उसकटायला लागले, चहाची यंत्रं उचलून नेली. मोठ्या देशांनी फोन करून विमानाची तिकिटं पुढं ढकलली. बेटाच्या बाईंचं तिकीट पुढं ढकलता येणारं नव्हतं. त्या निघून गेल्या. त्यांच्या जागेवर नुसती देशाची पाटी होती, आडवी. ज्या परिच्छेदावर त्यांचा कंस होता तो परिच्छेद अध्यक्षांनी वाचला, नजर फिरवली, हातोडा आपटला. कंस सुटला. सगळं सभागृह उभं राहून टाळ्या वाजवायला लागलं. निळ्या काठाची हिरवी साडी नेसलेली एक बाई तर स्वेटर काढून टाळ्या वाजवत होती, साडी फोटोत यावी म्हणून. फोटोत ती आली आहे. मागं रिकामी खुर्चीही आली आहे.

असो. निवृत्त झाले, नवरा गेल्यावर दिल्लीत करमेना, म्हणून माहेरच्या गावी येऊन राहिले. लोहगडाच्या अंगाला आमचं गाव. नाव लिहीत नाही, नाहीतर अंकाच्या प्रती गावातच संपतील. गावच्या वेशीवर कमान आहे आणि कमानीवर मोठी पाटी आहे, 'बिनविरोध गाव'. आमच्याकडं सरपंच बिनविरोध निवडतात, ठराव बिनविरोध होतात. हात वर करून मोजायची पद्धतच नाही. त्याबद्दल गावाला एकदा बक्षीसही मिळालं आहे. ती पाटी पहिल्यांदा पाहिली तेव्हा मला वाटलं, माझी बदली झाली, नोकरी काही सुटली नाही.

आमचे सरपंच दत्ताभाऊ. नात्यानं मी त्यांची मावशी. माणूस हुशार, गोड बोलणारा, गावासाठी काहीतरी करायची हौस असलेला. पावसाळ्यात गडावर येणाऱ्यांची इतकी झुंबड उडते की गावाचा रस्ता दिसेनासा होतो. दत्ताभाऊंनी गाडीतळ केला, खाली बंगल्यांची वसाहत आली, आणि पाणी कमी पडायला लागलं. गावाच्या वर, डोंगराच्या कुशीत ठाकरांची वाडी आहे. वाडीला नळ नाही. वाडीचं सगळं एका झऱ्यावर चालतं. पावसाळ्यात तो धो धो वाहतो आणि चैत्र-वैशाखात करंगळीएवढा होतो, पण आटत नाही. करंगळीएवढ्या धारेखाली हंडा लावून बायका ओळीनं बसलेल्या असतात.

ऑगस्टच्या सुरुवातीला दत्ताभाऊ एक कागद घेऊन माझ्याकडं आले.

"मावशी, पंधरा आगस्टच्या ग्रामसभंत ठराव मांडायचाय. तुमी जगाचे करार लिवले. जरा भाषा बगता का?"

वाचलं. झऱ्यावर टाकी बांधून पाणी पाइपनं गाडीतळ आणि वसाहतीकडं आणायचं. खाली लिहिलं होतं, 'वाडीतील ग्रामस्थांना उपलब्धतेनुसार यथायोग्य पाणीपुरवठा करण्याचा प्रयत्न करण्यात येईल.'

मला गहिवरून आलं. उपलब्धतेनुसार, यथायोग्य आणि प्रयत्न, तिन्ही एकाच वाक्यात. हे वाक्य लिहायला आमच्या साहेबांना दोन आठवडे आणि परदेशातलं हॉटेल लागायचं. दत्ताभाऊंनी ते घरी बसून लिहिलं होतं.

"उन्हाळ्यात वाडीनं काय करायचं?"

"मावशी, बगा की भाईर. पानी निस्तं वाहून चाललंय."

बाहेर पाऊस कोसळत होता. खरंच, नुसतं वाहून चाललं होतं.

"मी विरोध करणार," मी म्हटलं.

दत्ताभाऊ हसले. "मावशी, तुमचं नाव मतदार यादीत दिल्लीला हाय. हितं तुमाला मत न्हाई."

हे खरं होतं. जगाच्या करारातला स्वल्पविराम हलला तरी झोप उडणाऱ्या बाईला स्वतःचं नाव एका यादीतून दुसऱ्या यादीत आणणं जमलेलं नव्हतं.

"मग वाडीला तरी विचारा."

"सभंतच इचारनार की. वाडीला बी निरोप हाय. कुनाला न्हाई म्हनत न्हाई आपण."

पंधरा ऑगस्टला दुपारी भैरोबाच्या देवळाच्या सभामंडपात सभा बसली. वाडीतल्या बायका आल्या होत्या, हिराबाईला पुढं करून. हिराबाई माझ्याच वयाची, माझ्यापेक्षा वाकलेली आणि माझ्यापेक्षा भरभर चालणारी. वाडीतले पुरुष गाडीतळावर आणि गडाच्या वाटेवर कणसं भाजायला गेले होते. सुट्टीचा दिवस, चार पैसे मिळायचा. दत्ताभाऊंनी आधी झेंडावंदनाचे आभार मानले, मग गुणवंत विद्यार्थ्यांचे सत्कार काढले, मग गटाराचा विषय, मग दिव्याच्या खांबांचा विषय. झऱ्याचा विषय येईना. बायका चुळबुळ करायला लागल्या. त्या वसाहतीत भांडी घासायला जायच्या. बंगल्यांवर दुपारची जेवणं उरकलेली असणार, भांड्यांचा ढीग पडलेला असणार. उशीर झाला की दुसरी बाई उभी असते. शेवटी हिराबाई उठली.

"दत्ताभाऊ, आमचा इशय कदी?"

"ह्यो काय, आलाच. तुमी या जाऊन. हितं काय पळून चाललंय?"

त्या गेल्या. खाली वसाहतीकडं उतरणाऱ्या त्यांच्या पाठी मी पाहिल्या, आणि मला एकदम सुतारांचा आवाज ऐकू आला. मांडव उसकटायचा.

"आता इशय पाणीपुरवठ्याचा," दत्ताभाऊ म्हणाले.

बायका दिवेलागणीच्या आधी याच रस्त्यानं वर वाडीला जाणार. देवळावरूनच. म्हणजे तोवर एवढंच करायचं होतं की दत्ताभाऊंचा हातोडा आपटू द्यायचा नाही. मला मत नव्हतं. विरोध करता येत नव्हता. मी पाटी शोधली. पाटी नव्हती, म्हणून छत्री उभी धरली.

"बोला मावशी."

"मी फक्त विचारते," मी म्हटलं. "पत्रिकेत पाण्याच्या आधी स्मशानाच्या शेडचा विषय आहे. तो का गाळला?"

ग्रामसेवकांनी कागद पाहिला. होता खरा. स्मशानाच्या शेडवर गावात दोन मतं होती आणि ती दोन्ही बराच वेळ बोलली. मग पुन्हा पाणी आलं. मी पुन्हा छत्री उभी केली.

"मावशी, तुमाला बीपी हाय. बसा की."

"बसते. पण हा मसुदा आपल्या बोलीत नाही. मला वयामुळं कळायला जड जातं. आपल्या भाषेत सांगा."

शंकरआबा काठीवर हनुवटी टेकून बसले होते. ते म्हणाले, "व्हय, मला बी न्हाई कळला. त्ये उपलब्ध काय त्ये."

दत्ताभाऊंनी कपाळावर हात मारला. ग्रामसेवक बाहेरगावचे, त्यांना आमची बोली येईना, म्हणून दत्ताभाऊ स्वतः सांगायला लागले. "मंजी असं, आबा. झऱ्याला टाकी बांदायची. पानी खाली गाडीतळाला आन बंगल्यास्नी आनायचं. उरलं तर वाडीला."

"उरलं तर?" आबा म्हणाले.

"मंजी... परयत्न करायचा."

"आन आमच्या आळीला?" मागून कुणीतरी विचारलं.

"आळीचं ह्यात कुटं आलं?"

"तेच इचारतोय. पाइप आमच्या दारावरनं जानार, आन पानी बंगल्याला?"

यानंतर मला फारसं काही करावं लागलं नाही. देवळात सप्ताहाचा कार्यक्रम लिहायचा फळा आहे. मी खडू घेतला आणि तंटा असलेला एकेक शब्द फळ्यावर लिहून त्याला चौकोनी कंस घालून दाखवला. "ज्याला जे पटत नाही ते या पेटीत घालायचं. मिटलं की पेटी काढायची." गावाला कंस फार आवडले. गाडीतळवाल्यांनी 'आधी' हा शब्द कंसात घातला. आळीनं कंसातच 'आळी' घातली. खालच्या अंगाच्या शेतकऱ्यांना आठवलं की झऱ्याचं पाणी ओढ्यानं त्यांच्या खाचरात येतं. त्यांनी आणखी एक कंस आणला. एक भांडण मिटेना म्हणून मी सुचवलं की चार जण बाजूला बसून बोला. चार जण चहाच्या टपरीवर गेले आणि तिथून सात जण परत आले. फळ्यावर वाक्य दिसेना, नुसतं कुंपण.

दत्ताभाऊ माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाले, "मावशी, ह्ये तुमी मुद्दाम करताय."

"मी कुठं काय करते? मी फक्त विचारते."

आक्षेपरावांचा मधाळ आवाज माझ्या घशातून निघालेला ऐकून माझ्याच अंगावर काटा आला. ज्या माणसाला मी आयुष्यभर पृथ्वीचा शत्रू समजले, त्याचे सगळे डाव माझ्या हाताला असे बसले होते, जसे माझ्यासाठीच शिवले असावेत.

शेवटी दत्ताभाऊंनी हुकमी पान टाकलं. हात जोडून म्हणाले, "मंडळी, अंधार पडतोय. आपलं गाव बिनविरोध. मूळ ठराव हाय तसा घिऊ, बारीकसारीक मागनं बगू. कुनाचा इरोध?" आणि नजर फिरवली. चपळ होती.

"मला विचारायचंय," मी छत्री उभारली, "या खडूचा खर्च पंचायत कुठल्या खात्यात..."

सगळे हसले. दत्ताभाऊसुद्धा. तेवढ्यात रस्त्यावर बांगड्यांचे आणि बोलण्याचे आवाज आले. पदरानं हात पुसत, ओल्या पावलांनी वाडीतल्या बायका देवळापाशी थांबल्या.

"आजून चाललंय व्हय?" हिराबाई म्हणाली.

शंकरआबांनी काठीनं तिला आत बोलावलं. "ये बाय. दत्ता इचारतोय, कुनाचा इरोध."

"कशाला?"

"झऱ्याचं पानी खाली न्यायला," आबा म्हणाले. "उरलं तर तुमाला."

हिराबाई फळ्याकडं बघत राहिली. मग दत्ताभाऊंकडं वळली. आवाज चढवला नाही. "मंग उन्हाळ्यात आमी कुटं जायचं?"

मी हा प्रश्न याआधी दर परिषदेत लिहून घेतला होता. वेगळ्या भाषेत, माइकवरून, गार सभागृहात. आणि दत्ताभाऊंनीही, त्यांना कुणी शिकवलं नसताना, ग्रामसेवकांना म्हटलं, "नोंद घ्या हो तेवडी."

ग्रामसेवकांनी पेन उचललं. मी उठायच्या आतच आबा बोलले.

"नोंद कशाला? सरळ इचार की तिला. हिराबाई, तुजा इरोध हाय का न्हाई?"

"हाय."

मागच्या बायका म्हणाल्या, "आमचा बी."

हात मोजले असते तर दत्ताभाऊंचा ठराव कदाचित झालाही असता. पण हात मोजायचे म्हणजे कमानीवरची पाटी खोटी पडणार. आबांनी तेही बोलून दाखवलं. "मोज की हात. आन पाटी काडायला कुनाला तरी शिडी घिऊन लाव."

दत्ताभाऊंनी ठरावाच्या कागदाची घडी घातली. मग म्हणाले, "ठराव फुडच्या सभेपतुर तहकूब."

टाळ्या वगैरे झाल्या नाहीत. लोक चपला शोधायला लागले. मी घरातल्या लुगड्यातच होते, आणि फोटो कुणी काढला नाही.

झरा वाचला असं मी म्हणणार नाही. मोठ्या सभांत यालाच यश म्हणतात हे मला पक्कं माहीत आहे, की वाईट व्हायचं ते पुढच्या बैठकीपर्यंत ढकललं. वसाहतीला पाणी लागतंच आहे, गाड्या वाढतच आहेत, आणि दत्ताभाऊ काही वाईट माणूस नाहीत, त्यामुळं ते पुन्हा येणार. पुढची सभा ते माझ्या डॉक्टरच्या तारखेला ठेवतील. मी त्यांच्या जागी असते तर तसंच केलं असतं. मधल्या काळात मी दोन कामं केली. मतदार यादीत नाव आणायचा अर्ज दिला, आणि फळ्यावरचा ठराव पुसू नका म्हणून पुजाऱ्याला सांगितलं. त्यानं एका कोपऱ्यात काकड्याची वेळ लिहिली आहे, बाकी कंस तसेच आहेत.

वैशाख उतरत असताना एकदा वाडीवर गेले होते. तोवरच्या सभांत तो विषय पत्रिकेवर आलाच नव्हता. धार करंगळीएवढी होती. पण होती. खाली हिराबाईचा हंडा होता आणि तिच्या मागं ओळ. तिनं मला दगडावर बसवलं, पेलाभर पाणी दिलं आणि सहज विचारल्यासारखं विचारलं,

"मावशी, फुडच्या सभंला तुमी किती येळ बोलनार?"

म्हटलं, "तुमची भांडी किती असतील, त्यावर हाय."